घटस्फोटात घराची किंमत काढताना: मुंबईतल्या फ्लॅटसाठी पायरीपायरीने

माझं काम घरं मोजायचं. शिक्षणाने स्थापत्य अभियंता, आणि नोंदणीकृत मूल्यांकक म्हणून वीसेक वर्षं मुंबईत जिने चढ-उतर करतेय. कर्जासाठी, वारसांच्या वाटणीसाठी, आयकरासाठी लोकांना घराची किंमत काढून देते. त्यातले सगळ्यात गोंधळलेले फोन येतात ते घटस्फोटात असलेल्यांचे. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, आमच्या फ्लॅटचे किती येतील?"

मी उलट विचारते, कुठली किंमत हवीय? मुंबईत एकाच फ्लॅटला निदान पाच किमती असतात. एक रेडी रेकनरची, सरकारी. एक बँकेची, जरा हात राखून काढलेली. एक एजंटने फोनवर सांगितलेली. एक तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची, "आम्हाला मागच्या दिवाळीत एवढ्याची ऑफर होती" म्हणतात ती. आणि एक, जेवढ्याला कोणी खरोखर चेक देईल ती. नवऱ्याच्या हातात यातली एक असते, बायकोच्या हातात दुसरी, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. म्हणून आकड्यावर येण्याआधी तीन गोष्टी ठरवा: किंमत कशासाठी हवी, कोणत्या तारखेची हवी आणि किती क्षेत्रफळाची. माझ्या अनुभवात निम्मे वाद या तिघांपैकी कशावर तरी असतात, भावावर नसतातच.

घर कोणाचं, ते आधी कागदावर बघा

घटस्फोट झाला की घर आपोआप निम्मं-निम्मं होतं, हा समज परदेशी मालिका बघून झाला असावा. आपल्याकडे तसा कायदा नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधलं कलम २७ आहे, पण ते लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरतं. पाच वर्षांनी कर्ज काढून घेतलेला कांदिवलीचा फ्लॅट त्यात बसत नाही. फ्लॅटमधला वाटा ठरतो तो करारनाम्यावर कोणाची नावं आहेत आणि पैसे कोणी भरले याच्या पुराव्यावर. डाउन पेमेंट आईने दिलेल्या पाटल्या मोडून केलं असेल तर सोनाराची पावती आणि त्या आठवड्याचं बँक स्टेटमेंट आजच शोधून ठेवा. हप्ते एकाच्या खात्यातून गेले, पण घरखर्च दुसऱ्याने उचलला, असंही पुष्कळ घरांत असतं. तेही स्टेटमेंटवरूनच दाखवावं लागतं.

नवरा-बायकोतला मालमत्तेचा वाद फॅमिली कोर्टातच चालतो. १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम ७ मध्ये तशी तरतूद आहे, आणि आपलं कोर्ट वांद्र्याला बीकेसीत आहे. बायकांना वैवाहिक वादांत कोर्ट फी माफ असते. नवऱ्याने मालमत्तेवर दावा लावला तर फी दाव्याच्या किमतीवर बसते. तिथेही घराची किंमत आलीच.

घर सासऱ्यांच्या नावावर असेल, तर नवऱ्याचा हिस्सा म्हणून त्याची किंमत काढून काही हाती लागत नाही. मूल्यांककाचे पैसे वाचवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बायकोला त्या घरात राहण्याचा हक्क मिळू शकतो, पण तो राहण्याचा. विकून वाटा घेण्याचा नव्हे.

आणि तुमचं नाव कागदावर कुठेच नसलं, तरी किंमत माहीत असणं फुकट जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरवून दिलं. त्यात समोरच्याने दोन फ्लॅटची किंमत खरेदीच्या वर्षाची लिहिली असेल, तर आजच्या किमतीचा रिपोर्ट हेच तुमचं उत्तर.

कारण आणि तारीख

परस्पर संमतीने वेगळं होताना एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यायचा असेल, तर लागते आजची बाजारभावाची किंमत. घर विकून पैसे वाटायचे असतील, तर खरं म्हणजे रिपोर्टची गरजच कमी. बाजार किंमत सांगेल, तुम्हाला फक्त किमान आकडा ठरवायचाय. मुद्रांक शुल्कासाठी रेडी रेकनर. भांडवली नफ्यासाठी, घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत. ही शेवटची त्याच फेरीत काढून घ्या. नाहीतर सीए वर्षभराने मागतो आणि पुन्हा सगळी उस्तवार करावी लागते.

तारखेवर लोक विचारच करत नाहीत. वेगळे राहायला लागलात २०१९ ला, अर्ज टाकला २०२२ ला, समझोता होतोय आत्ता. नवरा म्हणतो, मी घर सोडलं तेव्हाची किंमत धरा. बायको म्हणते, आजची. माझं मत विचाराल तर समझोत्याच्या जवळची तारीख धरावी, कारण आज मिळालेल्या पैशात उद्या दुसरं घर शोधायचंय, २०१९ च्या भावात नाही. पण मधल्या काळातले हप्ते एकट्यानेच भरले असतील तर त्याचा वेगळा हिशेब मांडा. किंमत जुनी धरून तो हिशेब मिटवायला जाऊ नका. वकिलांना सांगून तारीख लेखी ठरवा आणि मूल्यांककाला तीच द्या.

कागदांची पिशवी

नोंदणी झालेला करारनामा आणि आधीच्या मालकांचे करार असतील तर तेही. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा गोषवारा). सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला). मंजूर नकाशा (तुमच्याकडे नसेल तर सोसायटीच्या कपाटात असतो, सेक्रेटरीला दोनदा सांगावं लागतं). मेंटेनन्सचं बिल. कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र. पालिकेचं मालमत्ता कराचं बिल. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पालिकेने १ जानेवारी २०२२ पासून हा कर माफ केलाय, त्यामुळे छोट्या घराचं बिल सापडलं नाही तर घाबरू नका.

मूळ कागद मूल्यांककाला द्यायचे नाहीत. झेरॉक्स पुरते. या काळात मूळ शेअर सर्टिफिकेट कोणाच्या लॉकरमध्ये आहे, हाही एक प्रश्नच असतो म्हणा.

घरबसल्या अंदाज: रेडी रेकनर आणि ई-सर्च

मूल्यांकक बोलावण्याआधी एक दुपार यात घाला. फुकटात होतं आणि नंतर कोणी तुम्हाला सहज फिरवू शकत नाही.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता असतो. रेडी रेकनर म्हणतात तो हाच. गाव आणि सिटी सर्व्हे नंबर टाकला की तुमच्या विभागाचा निवासी दर चौरस मीटरला मिळतो. लक्षात ठेवा, हा दर बिल्टअपवर (भिंती धरून मोजलेल्या क्षेत्रफळावर) लावायचा असतो, कार्पेटवर (घराच्या आत वापरता येणाऱ्या क्षेत्रफळावर) नव्हे. जुन्या इमारतीला घसारा, उंच टॉवरमध्ये वरच्या मजल्याला वाढ, अशी त्यात वजाबाकी-बेरीज असते. हा आकडा शुल्क आकारण्यासाठी आहे. एकाच विभागात रेल्वेलाइनला चिकटलेली चाळवजा इमारत आणि मागच्या गल्लीतला नवा टॉवर दोन्ही बसतात, तेव्हा त्याला बाजारभाव म्हणून कवटाळू नका. जी बाजू पैसे देणार असते ती नेहमी रेडी रेकनर पुढे करते. जी घेणार असते ती मालमत्तेच्या ॲपवरचे जाहिरातीचे भाव दाखवते. जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. तिला पुरावा म्हणत नाहीत.

खरा पुरावा ई-सर्चमध्ये असतो. त्याच विभागाच्या मोफत शोधात मुंबईचा भाग निवडा, वर्ष, जिल्हा, गाव, सिटी सर्व्हे नंबर टाका (कॅप्चा पहिल्या खेपेला घेत नाही, पुन्हा टाका, तुमची चूक नाही). त्या जमिनीवर त्या वर्षात नोंदलेले दस्त येतात. करारनामा किंवा विक्रीचा दस्त उघडा. इंडेक्स टूमध्ये दुसऱ्या क्रमांकाला 'मोबदला' असतो आणि तिसऱ्याला 'बाजारभाव'. नवखी माणसं 'बाजारभाव' शब्द बघून तोच लिहून घेतात. तो रेडी रेकनरचा आकडा आहे. प्रत्यक्ष देवाणघेवाणीचा म्हणजे 'मोबदला'. पुढे क्षेत्रफळ बघा, ते कार्पेट की बिल्टअप हे दस्ताच्या वर्णनात लिहिलेलं असतं. चौरस मीटर असेल तर १०.७६४ ने गुणा. तुमच्या इमारतीतले किंवा शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांतले, गेल्या वर्ष-दीड वर्षातले चार-पाच व्यवहार काढा, प्रत्येकाचा मोबदला भागिले कार्पेट करा, वहीत मांडा. एखादा फारच खाली दिसला तर तो काका-पुतण्यातला असतो किंवा काहीतरी रोखीत झालेलं असतं. रोखीचा भाग मला रिपोर्टमध्ये घेता येत नाही. "सगळ्यांना माहितीय मॅडम" हे मला ऐकवू नका. कोर्टाला ते माहीत नसतं.

क्षेत्रफळ: एका शब्दाचे चोवीस लाख

समजा मुलुंड पूर्वेला जुन्या इमारतीत ४८० चौरस फूट कार्पेटचा वन बीएचके आहे, आणि आजूबाजूचे व्यवहार कार्पेटला २५,००० रुपयांच्या आसपास झालेत. किंमत झाली १ कोटी २० लाख. पण करारात लिहिलंय ५७६ चौरस फूट, कारण तो बिल्टअपमध्ये केलाय, कार्पेटच्या १.२ पट. कोणीतरी तो ५७६ उचलून कार्पेटच्या भावाने गुणलं की झाले १ कोटी ४४ लाख. घर तेवढंच, आणि चोवीस लाख हवेतून आले. सुपर बिल्टअपबद्दल तर बोलूच नये. जिना, लिफ्ट, गच्ची, बिल्डरला वाटेल ते त्यात मिसळलेलं असायचं.

रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या कायद्याने कार्पेटची व्याख्या पक्की केली: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या नाहीत, बाल्कनी नाही. त्यामुळे नव्या प्रकल्पातलं रेरा कार्पेट आणि आपण लादीवर मोजलेलं क्षेत्रफळ यातही थोडा फरक पडतो. व्यवहार कुठल्या मापातला आणि आपलं घर कुठल्या मापात, दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय तुलना करायचीच नाही.

हे मी अशा जोरात सांगतेय कारण सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः तोंडावर आपटलेय. मोजणीच्या दिवशी घर बंद होतं, मी मेंटेनन्सच्या बिलावरचं क्षेत्रफळ घेऊन रिपोर्ट दिला. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी एवढंच विचारलं, "तुम्ही मोजलंत का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी पुढे काही विचारलंच नाही, बसले खाली. बिलावरचा आकडा बिल्टअप होता.

मूल्यांकक कसा शोधायचा

इस्टेट एजंटच्या लेटरहेडवरचा भाव समझोत्याच्या गप्पांना चालतो, कोर्टात टिकत नाही. आयकर विभागाकडे नोंदणी असलेला किंवा भारतीय दिवाळखोरी मंडळाकडे 'जमीन आणि इमारत' या वर्गात नोंदणी असलेला मूल्यांकक घ्या. नोंदणी क्रमांक मागा, लाजू नका. तुमच्या भागात काम केलेला बघा. दहिसरच्या माणसाला गिरगावच्या पागडीतलं काय कळणार, आणि उलटंही. साक्षीला यावं लागलं तर याल का, त्याचे वेगळे किती, हे आधी विचारा.

फी ठरीव असावी, घराच्या किमतीच्या टक्क्यावर नको. "जेवढी जास्त किंमत दाखवीन तेवढं मला" असं ठरवणं तर आमच्या आचारसंहितेतच बसत नाही. आणि "तुम्हाला किती हवीय?" असं पहिल्या फोनवर विचारणारा भेटला, तर फोन ठेवा.

शक्य असेल तर दोघांनी मिळून एकच मूल्यांकक नेमा, फी निम्मी-निम्मी, रिपोर्टची एकेक प्रत दोघांना एकाच दिवशी. बोलाचाली बंद असली तरी वकिलांमार्फत हे होतं. बँकेने कर्ज देताना केलेलं व्हॅल्युएशन यासाठी वापरू नका. ते बँकेने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी केलेलं असतं.

मोजणीचा दिवस

विले पार्ले पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवरा ठाण्याहून आला होता, वर्षभर तिकडे भाड्याने राहत होता. स्वतःच्याच दाराची बेल वाजवून उभा. आत बायको, आणि सोफ्यावर सासूबाई. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं बहुधा. "बँकेकडनं आलात का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घराचं मोजमाप करायचंय, आजी." त्या चहा टाकायला उठल्या.

लेझर मीटरचा लाल ठिपका भिंतीवर पडतो, बटण दाबलं की लांबी येते. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, पॅसेज, संडास-बाथरूम वेगळं. माळा मोजायचा का यावर दोघांचं वाजलं. माळा कार्पेटमध्ये धरत नाहीत. खिडकीबाहेर काढलेली बॉक्स ग्रिलही नाही. गॅलरी हॉलमध्ये घेतली होती, ते मंजूर नकाशात नव्हतं. ते क्षेत्रफळ मी रिपोर्टमध्ये वेगळं दाखवते, मंजूर क्षेत्रफळात मिसळत नाही. बेडरूममधल्या कपाटामुळे लेझर पलीकडे जाईना, तेव्हा जुनी फीत काढली. एक टोक त्याने धरलं, आकडा तिने वाचला. दहा फूट साडेचार इंच.

मग फाइल आली. मॉड्युलर किचनची बिलं, फॉल्स सीलिंग, इटालियन लादी, सगळं मिळून अकरा लाख. केलेलं त्याने, म्हणून अकरा लाख वेगळे मिळावेत अशी त्याची अपेक्षा. तसं होत नाही. सहा वर्षं वापरलेल्या किचनचे विकत घेणारा फार थोडे पैसे देतो, आणि बरेच जण तर ते तोडूनच टाकतात. खर्चाची बिलं 'कोणी किती घातले' या हिशेबात वकिलांना द्या, किमतीत मिळवायला मला नको.

त्या दिवशी तुम्ही काय करायचं? घर आवरलेलं असलं-नसलं फरक पडत नाही. ओल मात्र लपवू नका. छताला ओल आहे, बीमला तडे आहेत, हे कपाट सरकवून झाकलं तरी गच्चीवर आणि जिन्यात दिसतंच. इमारत तीस वर्षांवरची असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मी सोसायटीकडे मागते. सी-१ म्हणजे राहायला धोकादायक, रिकामी करायची. तो शेरा असला की सगळं गणितच बदलतं.

पार्किंगचंही विचारून ठेवा. स्टिल्ट किंवा उघडं पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. सोसायटीने वाटून दिलेली जागा असली तर फ्लॅटला उठाव येतो, पण "पार्किंगचे दहा लाख वेगळे" असं लिहिता येत नाही.

पुनर्विकास

मुंबईतल्या घटस्फोटात आताशा सगळ्यात जास्त डोकेदुखी ही. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून बसलेली. बिल्डरने ३० टक्के जादा क्षेत्रफळ, कॉर्पस (एकरकमी पैसे) आणि भाडं देऊ केलंय. एकाला किंमत जुन्या ४८० चौरस फुटांची हवी, दुसऱ्याला नव्या ६२४ ची, तीही टॉवरच्या भावाने.

दोन्ही चूक. मी बघते ते गाडी कुठल्या स्टेशनपर्यंत आलीय. सोसायटीच्या सभेत नुसती चर्चा असेल तर किंमत जवळपास आजचीच. सहकार कायद्याच्या कलम ७९अ च्या प्रक्रियेने विकासक नेमला गेला की थोडी चढते. विकास करारनामा नोंदला गेला की आणखी. पालिकेची आयओडी (नकाशांना अटींसह मंजुरी) आली, लोक घरं रिकामी करून भाड्याने गेले, सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) मिळाली, पाया पडला, असं दर टप्प्याला नव्या घराची किंमत खऱ्याच्या जवळ सरकते, कारण धोका कमी होतो. शहरात किती सोसायट्या इमारत पाडून, भाडं बंद होऊन वर्षानुवर्षं लटकल्यात ते कोणी वेगळं सांगायला नको. त्यामुळे नव्या घराची भविष्यातली किंमत घ्यायची, ताबा मिळेपर्यंतच्या वर्षांची सूट वजा करायची, धोक्याची आणखी सूट वजा करायची. किती सूट धरली हे मूल्यांककाने रिपोर्टमध्ये लिहिलंच पाहिजे. नुसता शेवटचा आकडा दिला तर परत पाठवा.

दुसरा मार्ग म्हणजे आज जुन्या घराची किंमत देऊन टाकायची आणि नवं घर हाती आल्यावर वाढलेल्या किमतीतला हिस्सा पुन्हा द्यायचा, असं कलम घालणं. वकिलांना हे आवडतं. मला नाही. चार-पाच वर्षं दोघांना एकमेकांच्या बिल्डरच्या मीटिंगांवर डोळा ठेवून राहावं लागतं, मग वेगळं होऊन काय मिळवलं? मी सूट धरून एकदाच मिटवा म्हणते. मात्र कॉर्पस, भाडं आणि शिफ्टिंगचे पैसे कोणाच्या खात्यात जाणार ते स्पष्ट लिहा. सोसायटीच्या नोंदीत जो सभासद, त्यालाच ते जातात, आणि दोघं सहमालक असाल तर करारावर दोघांच्या सह्या लागतात. इमारत आधीच पाडली असेल तर मोजायला काही उरलेलंच नसतं. पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार हाच मग आमचा फ्लॅट.

पागडी, म्हाडा, झोपुची घरं

पागडीच्या खोलीत तुमची मालकी नसते, भाडेकरूचा हक्क असतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेणं-देणं कायदेशीर झालं, पण हस्तांतर करताना घरमालक आपला वाटा मागतो, आणि तो वजा करूनच किंमत धरायची. मालकीच्या फ्लॅटचा भाव लावू नका. म्हाडाच्या सोडतीतल्या घराला ठरावीक वर्षं विक्रीबंदी असते. झोपुच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातल्या घरालाही. बंदीच्या काळात विक्रीची किंमत काढायची म्हणजे खुर्चीत बसून स्वप्नं बघणं. ताबापत्राची तारीख बघून बंदी कधी संपते ते आधी काढा.

दोन रिपोर्ट, दोन आकडे

तिचा मूल्यांकक १ कोटी ३४ लाख म्हणतो, त्याचा १ कोटी १२ लाख. लगेच मधला आकडा धरून मिटवायला जाऊ नका. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि चार गोष्टींवर पेन्सिलने खूण करा: क्षेत्रफळ, तारीख, तुलनेला घेतलेले व्यवहार, आणि मजला, वय, लिफ्ट यांसाठी केलेली वजाबाकी. फरक कुठे तरी एकाच ठिकाणी बसलेला सापडतो. एकाने समोरच्या नव्या इमारतीतले व्यवहार घेतलेले असतात, नाहीतर क्षेत्रफळाचा तोच जुना घोळ. तेवढं सुधारून दोघांकडून पुन्हा आकडा मागवा.

तरी नाही जमलं, तर कोर्ट आयुक्त नेमू शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ मध्ये मालमत्तेचं बाजारमूल्य काढण्यासाठी आयुक्त नेमण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि फ्लॅटचे काही मधून भिंत घालून दोन करता येत नाहीत. अशा वेळी १८९३ चा विभाजन कायदा कामाला येतो: एका सहमालकाने विक्री मागितली, तर दुसरा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा घेऊ शकतो. आजोबांच्या काळातला कायदा आहे, पण चालतो.

किमतीतून हातात किती

मुलुंडचाच फ्लॅट घेऊ. किंमत ठरली १ कोटी २० लाख. कर्ज बाकी ३२ लाख. वाटायला उरले ८८ लाख. हिस्सा निम्मा-निम्मा ठरला तर घर ठेवणाऱ्याने दुसऱ्याला ४४ लाख द्यायचे आणि सगळं कर्ज स्वतःच्या अंगावर घ्यायचं. इथे बरेच जण चुकतात आणि सरळ ६० लाख मागतात.

कर्जाचं मात्र तुम्ही दोघांनी ठरवून भागत नाही. बँकेच्या लेखी दोघंही कर्जदारच, घटस्फोटाचा हुकूम निघाला तरी. एकाचं नाव काढायचं तर उरलेल्याचा पगार त्या कर्जाला पुरतो का ते बँक नव्याने तपासते. समझोत्यावर सही करण्याआधी बँकेत जाऊन या.

मुद्रांक शुल्क कुठल्या दस्ताने हिस्सा जातो त्यावर ठरतं. पूर्ण दर लागला तर मुंबईत सध्या मेट्रो अधिभारासह ६ टक्के, म्हणजे ६० लाखांच्या हिस्स्यावर ३ लाख ६० हजार, वर नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मूळ शुल्क फक्त २०० रुपये, अधिभार वेगळा. पण ही सवलत नवरा-बायको असेपर्यंतच, आणि बक्षीसपत्रात मोबदला घेता येत नाही. एका हाताने ४४ लाख घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने बक्षीसपत्र लिहायचं, हे अंगाशी येतं. कुठला दस्त, कुठल्या दिवशी, हे हुकूम निघण्याआधी वकिलांकडून ठरवून घ्या.

घर तिसऱ्याला विकणार असाल तर भांडवली नफ्यावरचा कर दोघांच्याही वाट्यातून आधी बाजूला काढा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला १२.५ टक्के किंवा महागाई निर्देशांक धरून २० टक्के, यातलं जे स्वस्त पडेल ते निवडता येतं. हे सीएकडून.

समझोत्यात काय लिहायचं

रिपोर्टची तारीख, मूल्यांककाचं नाव, ठरलेली किंमत, वजा केलेलं कर्ज, देय रक्कम, देण्याची शेवटची तारीख. उशीर झाला तर व्याज किती, आणि किती महिने उशीर झाला की नव्याने किंमत काढायची. संमतीच्या अर्जाला हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली सहा महिन्यांची मुदत असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर कोर्ट ती माफ करू शकतं, पण प्रत्येकाला करतंच असं नाही, आणि त्यावर तारखा पडत गेल्या की वर्ष सहज जातं. जुन्या रिपोर्टवर नवीन भांडण सुरू होतं ते तिथेच.

पैसे आधी की सही आधी, हा शेवटचा अडथळा. माझ्या एका पक्षकार बाईंनी त्यावर साधा तोडगा काढला होता. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात टोकन नंबर यायच्या आधी बाकड्यावर बसून डिमांड ड्राफ्ट हातात घेतला, त्याची झेरॉक्स दस्ताला जोडली, मगच अंगठा लावला. तिथून सरळ सोसायटीच्या ऑफिसात. हस्तांतराचा अर्ज, मूळ शेअर सर्टिफिकेट, ५०० रुपये हस्तांतर शुल्क. सोसायटी प्रीमियम मागायला लागली तर उपविधींप्रमाणे मुंबईत त्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे हे सेक्रेटरीला सांगा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय उठू नका.